दादरला रेंज फुल, तरी पैसे जात नाहीत: गर्दीत नेटवर्क नेमकं कुठे अडतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. रोजचा प्रवास डोंबिवली ते दादर. संध्याकाळी साडेसहाला दादरच्या पुलावर फोनवर ५जी दिसतं, सगळ्या दांड्या भरलेल्या असतात, तरी यूपीआयचं चक्र फिरतच राहतं. त्याच सिमवर रात्री दोन वाजता घरी ४०० एमबीपीएस मिळतात. मग कंपन्या आणखी टॉवर का लावत नाहीत, ६जी आल्यावर हे सुटेल का, आणि तोवर सिम बदलावं का?

यात दोन दुखणी एकत्र झाली आहेत. रील अडकणं हे एक आणि पैसे न जाणं हे दुसरं. दोन्हींची कारणं वेगळी आहेत, उपायही वेगळे. शिवाय तुमची कंपनी कोणती, फोन कुठले बँड (फ्रिक्वेन्सीचे पट्टे) पकडतो, तुम्ही पुलाच्या मध्य रेल्वेच्या टोकाला उभे राहता की पश्चिम रेल्वेच्या, यावर बरंच काही ठरतं. त्यामुळे खालचं उत्तर तुमच्या फोनची तपासणी नाही. नेटवर्कचा आराखडा करताना अशा जागेकडे ज्या क्रमाने पाहिलं जातं, त्या क्रमाने लिहितो.

आधी दांड्या. त्या फक्त टॉवरच्या सिग्नलचा जोर दाखवतात. याला आरएसआरपी म्हणतात आणि तो डीबीएम या एककात मोजतात: उणे ८० उत्तम, उणे १०० कामचलाऊ, उणे ११५ च्या खाली अवघड. पण डेटा किती वेगाने जाईल हे सिग्नल आणि गोंगाट यांच्या गुणोत्तरावर ठरतं, त्याला एसआयएनआर म्हणतात. गणपतीत एकाच नाक्यावर चार मंडळांचे स्पीकर लागले की आवाज भरपूर असतो, गाणं मात्र एकही कळत नाही. दादरच्या पुलावर तेच होतं. पूर्व-पश्चिमेच्या गच्च्यांवरचे पाच-सहा सेक्टर (टॉवरच्या एकेका दिशेच्या अँटेना आणि त्यांचा टापू) तिथे जवळपास सारख्याच जोराने पोहोचतात. तुमचा फोन एकाशी बोलत असतो, बाकीचे त्याच्यासाठी गोंगाट असतात. आरएसआरपी उणे ७५ आणि एसआयएनआर जेमतेम २ डेसिबल, हे चित्र गर्दीच्या स्टेशनांवर अगदी नेहमीचं आहे. चाळिसाव्या मजल्यावर राहणाऱ्यांची तक्रारही याच जातीची असते. अँटेना रस्त्याकडे चार-आठ अंश झुकवलेल्या असतात, त्यामुळे वरच्या मजल्याला जवळचा टॉवर चुकतो आणि दूरचे दहा दिसतात.

आता रीलचं गणित करू. ४जीच्या २० मेगाहर्ट्झच्या एका कॅरिअरमध्ये, म्हणजे फ्रिक्वेन्सीच्या एका सलग तुकड्यात, वाटपासाठी १०० रिसोर्स ब्लॉक (छोटे वाटे) असतात. दोन अँटेना आणि ६४-क्यूएएम (एका चिन्हात सहा बिट भरण्याची पद्धत) धरून कागदावर १५० एमबीपीएस येतात. पण ते एकटा माणूस टॉवरसमोर उभा असेल तेव्हा. भरलेल्या सेक्टरमध्ये निम्मे लोक कडेला, निम्मे भिंतीआड असतात. तिथे दर हर्ट्झमागे सेकंदाला दीड-दोन बिट मिळाले तरी खूप, म्हणजे अख्ख्या सेक्टरला ३० ते ४० एमबीपीएस. त्यात एका वेळी ३०० फोन डेटा मागत असतील तर वाट्याला शंभर-सव्वाशे केबीपीएस येतात. बऱ्या दर्जाच्या रीलला दीड-दोन एमबीपीएस लागतात. रात्री दोनला तुमच्या घराजवळच्या सेक्टरवर तीन माणसं जागी असतात. तुमचे ४०० एमबीपीएस हे रिकाम्या फास्ट लोकलमध्ये मिळालेल्या खिडकीसारखे आहेत, त्यावरून संध्याकाळचा अंदाज बांधता येत नाही.

पैसे न जाण्याची गोष्ट याहून रंजक आहे. यूपीआयच्या एका व्यवहाराला मोजके किलोबाइट लागतात. शंभर केबीपीएसमध्येही ते आरामात बसायला हवं. तरी अडतं, कारण अडचण डेटाच्या रस्त्यावर नसते, फाटकावर असते.

फोन काही सेकंद, साधारण दहा, गप्प बसला की टॉवर त्याची रेडिओ जोडणी सोडून देतो. ॲप उघडून ‘पैसे द्या’ दाबलं की फोनला आधी पुन्हा दार ठोठवावं लागतं. त्यासाठी ४जीत प्रत्येक सेलला (सेक्टरचा एका बँडवरचा टापू) ६४ ठरावीक ठोके असतात, त्यातले काही हँडओव्हरसाठी, म्हणजे चालू जोडणी एका सेलवरून दुसऱ्यावर नेण्यासाठी, राखीव. फोन उरलेल्यांतला एक नेम न धरता निवडतो. दोन फोनांनी एकाच क्षणी एकच निवडला तर ते आपसात भिडतात. टॉवरला काही कळत नाही आणि दोघंही थोडं थांबून, साधारण दोन डेसिबल जोर वाढवून पुन्हा ठोकतात. आता बारा डब्यांची लोकल फलाटाला लागते, असं समजा. शेकडो फोन एकाच मिनिटात सेल बदलतात, वर पुलावरचे शेकडो फोन खिशातून बाहेर येतात. ठोके वाढतात, भिडंत वाढते, प्रत्येक जण जोर वाढवतो आणि टॉवरच्या कानाशी गलका होतो. दार उघडलं तरी पुढे ‘आता तुझी पाळी’ हे सांगणारा कंट्रोल चॅनल असतो. ४जीत तो दर मिलिसेकंदाच्या सुरुवातीच्या एक ते तीन चिन्हांत (वेळेच्या बारीक तुकड्यांत) मावतो, म्हणून एका मिलिसेकंदात मोजक्याच फोनांना पाळी देता येते. बारीकसारीक मागण्या खूप झाल्या की डेटाचे ब्लॉक रिकामे पडून असतात आणि पाळी सांगायलाच जागा उरत नाही.

त्यात अपलिंकची, म्हणजे फोनकडून टॉवरकडे जाणाऱ्या वाटेची, दुबळी बाजू. टॉवरचा ५जी रेडिओ २०० वॅटच्या आसपास बोलतो, तुमचा फोन साधारण ०.२ वॅटने. हजारपट फरक. म्हणून टॉवर तुम्हाला स्पष्ट ऐकू येतो आणि दांड्या भरलेल्या दिसतात, पण गर्दीत माणसांच्या अंगांमधून वाट काढत गेलेला तुमचा आवाज त्याच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. पैसे देताना आधी तुम्हालाच बोलायचं असतं, म्हणून तिथे हे ठळक जाणवतं.

अजून एक गुंता ५जीच्या खुणेचा. भारतात १ ऑक्टोबर २०२२ ला ५जीचं उद्घाटन झालं तेव्हा जिओने स्वतंत्र कोअरचं (नेटवर्कच्या मध्यवर्ती यंत्रणेचं) एसए निवडलं आणि एअरटेलने ४जीच्या खांद्यावर उभं राहणारं एनएसए. एनएसएमध्ये फोन आधी ४जी सेलशी जोडला जातो आणि मग त्याला ५जीचा जादा रस्ता मिळतो. ४जीचं फाटक तुंबलं तर शेजारी ५जीचा हमरस्ता मोकळा असून उपयोग नाही. वर खूण मात्र ५जीचीच, कारण बऱ्याच फोनांवर ‘इथे ५जी उपलब्ध आहे’ एवढ्यावरही ती खूण येते. तुम्हाला फसवलं गेल्यासारखं वाटत असेल तर ते मी समजू शकतो. ही खूण प्रवाशापेक्षा जाहिरातीच्या जास्त कामाची आहे.

कॉल लागतो पण नेट चालत नाही, हेही तुम्ही लिहिलंय. व्होएलटीई, म्हणजे ४जीवरून होणाऱ्या कॉलला नेटवर्कमध्ये राखीव अग्रक्रम असतो. यूपीआय, रील, क्रिकेटचा स्कोअर हे सगळं एकाच सामान्य रांगेत.

आता कंपन्या काय करतात. क्षमता वाढवायचे मार्ग मोजून तीन: जास्त स्पेक्ट्रम (वापरायला मिळालेली फ्रिक्वेन्सीची जागा), त्याच स्पेक्ट्रममधून जास्त बिट, आणि तोच स्पेक्ट्रम कमी अंतरावर पुन्हा पुन्हा वापरणं. या तिन्हींच्या मागे चौथी गोष्ट असते, टॉवरपर्यंत येणारा पाइप. आराखडा करणारा आधी गर्दीच्या तासात सेक्टरचे किती टक्के ब्लॉक भरतात ते बघतो. सत्तर-ऐंशीच्या वर सातत्याने गेलं की काम सुरू होतं, आणि ते स्वस्ताकडून महागाकडे जातं.

सगळ्यात स्वस्त म्हणजे अँटेनाचा झुकाव आणि सेटिंग. दोन अंश खाली झुकवलं की शेजारच्या सेक्टरवरचं अतिक्रमण कमी होतं आणि एसआयएनआर सुधारतो. ट्रॅकिंग एरियाची (ज्या टापूने फोनचा ठावठिकाणा नोंदतात त्याची) सीमा नेमकी मोठ्या स्टेशनावर येत असेल तर प्रत्येक लोकलमागे हजेरीचे शेकडो संदेश उसळतात, ती सीमा दोन स्टेशनांच्या मधल्या पट्ट्यात सरकवतात. गप्प बसलेले फोन सगळे एकाच बँडवर गोळा झाले असतील तर ते वाटून देतात. यात नवा पैसा लागत नाही, माणसाचं डोकं लागतं, म्हणून बहुधा हेच अर्धवट राहतं.

मग नवा कॅरिअर. ४जीचे ८५०, ९००, १८००, २१००, २३००, २५०० मेगाहर्ट्झचे तुकडे जोडून एका फोनला एकत्र देता येतात. ५जीने यात मोठी उडी घेतली ती ३.५ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या बँडमुळे. तिथे एकाच कॅरिअरमध्ये १०० मेगाहर्ट्झ बसतात, म्हणजे २७३ ब्लॉक, तेही ४जीच्या दुप्पट रुंदीचे. वेळेचा साधारण तीन चतुर्थांश भाग डाउनलिंकला (टॉवरकडून फोनकडे) आणि दर हर्ट्झमागे पाच बिट धरले तर सेक्टरला पावणेचारशे एमबीपीएसच्या आसपास, म्हणजे वरच्या ४जी कॅरिअरच्या दहापट. किंमत अशी की ९०० मेगाहर्ट्झच्या तुलनेत ३.५ गिगाहर्ट्झला मोकळ्या हवेतच सुमारे १२ डेसिबल जास्त घट असते आणि लोअर परळच्या इमारतींची धातूचा मुलामा असलेली काच वर आणखी वीस-तीस डेसिबल खाते. त्यामुळे ऑफिसात शिरलात की फोन खालच्या बँडवर येतो आणि तिथे आधीच दाटी असते.

दर हर्ट्झमागचे बिट वाढतात ते मॅसिव्ह मायमोमुळे. गच्चीवर दिसणारी ती जाड, आखूड पाटी. आत ६४ प्रेषक आणि ६४ ग्राहक साखळ्या असतात. ती सगळीकडे एकसारखं न ओतता प्रत्येक फोनकडे वेगळा झोत फेकते आणि दोन वेगळ्या दिशांच्या माणसांना एकाच क्षणी, एकाच फ्रिक्वेन्सीवर वाढते. शिवाजी पार्कसारख्या पसरलेल्या गर्दीत हे सुंदर चालतं. दादरच्या पुलावर मात्र पाटीच्या नजरेत सगळी माणसं एकाच रेषेत उभी असतात, झोत वेगळे काढायला कोनच मिळत नाही. धावत्या लोकलमध्ये तर मोजमाप घेऊन झोत वळवेपर्यंत फोन पुढे गेलेला असतो. त्यामुळे माहितीपत्रकातला आकडा स्टेशनवर मिळत नाही. यात उपकरणाचा दोष नाही, जागेची भूमितीच तशी आहे.

म्हणून मुंबईत खरी मदार तिसऱ्या मार्गावर आहे: सेल लहान करा, जास्त करा. तीन सेक्टरच्या जागी सहा केले, ६५ अंशांच्या अँटेनाऐवजी ३३ अंशांच्या लावल्या, तर क्षमता दीडपटीहून थोडी जास्त होते. दुप्पट होत नाही, कारण सेक्टरांच्या शिवणी वाढतात आणि शिवणीवर गोंगाट असतो. त्यापुढे खांबावर, फलाटाच्या छपराखाली लावायचे छोटे सेल. अशा सेलचा जोर कमी, झाकायचा टापू शे-दोनशे मीटर. दादरसारख्या ठिकाणी पुलाच्या प्रत्येक टप्प्याला एक असे सेल लावले आणि मोठ्या टॉवरचा झुकाव पुलावरून काढून घेतला, तर दार ठोठावणारेही वाटले जातात. तुमच्या यूपीआयला खरा आराम यातून मिळेल. मेट्रोच्या भुयारात हाच विचार वेगळ्या रूपात असतो, तिथे अंगभर बारीक खाचा असलेली केबल भिंतीवरून नेतात आणि ती वाटभर सिग्नल झिरपवत जाते.

‘मग लावत का नाहीत?’ याचं उत्तर तंत्रज्ञानात कमी आणि गच्चीवर जास्त आहे. मुंबईतले पुष्कळसे टॉवर हे गृहनिर्माण सोसायट्यांच्या गच्चीवरचे भाडेकरू आहेत. सर्वसाधारण सभेत ठराव, ना हरकत, इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट, भाड्याची घासाघीस, आणि किरणांच्या भीतीने एखाद्या विंगेचा विरोध. हे सगळं जमलं आणि चार वर्षांनी सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली की टॉवर उतरतो. दादर-माटुंग्याच्या जुन्या इमारतींचं हेच चाललंय. एक साइट गेली की तिचा भार शेजारच्या तीन साइटवर पडतो, आणि बाजूला नवा पस्तीस मजली टॉवर उभा राहून आधीचे झोतही अडवतो. नकाशावरचा आराखडा दोन वर्षांत शिळा होतो. रस्त्यावरच्या खांबांसाठी दूरसंचार मार्गाधिकार नियम २०२४ हे १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले, त्यात अशा छोट्या उपकरणांना सार्वजनिक खांब वापरण्याची तरतूद आहे. पण खांबावर चोवीस तास वीज हवी, फायबर हवी आणि रेल्वेच्या हद्दीत रेल्वेची वेगळी परवानगी.

फायबरबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण याकडे कुणी बघत नाही. ६४ साखळ्यांच्या एका ५जी पाटीपासून बेसबँड युनिटपर्यंत (सिग्नलवर प्रक्रिया करणाऱ्या डब्यापर्यंत) सहसा २५ गिगाबिटची फायबर जोडणी लागते, आणि साइटपासून पुढे दहा गिगाबिटची. जुन्या साइटला १५ गिगाहर्ट्झची मायक्रोवेव्ह तबकडी असते. २८ मेगाहर्ट्झच्या एका चॅनलवर ती दीड-दोनशे एमबीपीएस देते. तिच्यावर ५जीची पाटी टांगणं म्हणजे टाकी मोठी आणि नळ अर्ध्या इंचाचा. पर्याय म्हणून ८० गिगाहर्ट्झच्या आसपासची ई-बँड जोडणी लावतात, ती कित्येक गिगाबिट देते. पण तासाला १०० मिलिमीटरचा पाऊस कोसळू लागला की या फ्रिक्वेन्सीवर किलोमीटरमागे ३० डेसिबलच्या आसपास घट होते. १५ गिगाहर्ट्झवर तीच सहा-आठ डेसिबल. म्हणून मुंबईत ई-बँडचा टप्पा एक-दीड किलोमीटरच्या आत ठेवावा लागतो. पावसात जोडणी तुटू नये म्हणून ती आपोआप हळू होते. जुलैच्या धारेत फोनवर दांड्या जशाच्या तशा आणि नेट मात्र रांगतं, त्याचं एक कारण हे. फायबरला पावसाची भीती नाही, तिला रस्त्याच्या काँक्रीटीकरणाची भीती आहे. जेसीबीचा एक घास आणि त्या फायबरवरच्या सगळ्या साइट आंधळ्या. वळसा घालून दुसरी वाट असेल तर वाचलं, पण दोन्ही वाटा एकाच चरातून गेल्या असतील तर वळशाला अर्थ नाही.

६जीचं लवकर उरकतो. ते २०३० च्या सुमाराला अपेक्षित आहे आणि त्यातली क्षमतेची वाढ पुन्हा वरच्या, रुंद बँडमधूनच येणार. वरचा बँड म्हणजे टापू लहान, म्हणजे आणखी साइट. २६ गिगाहर्ट्झचा ५जी स्पेक्ट्रम २०२२ च्या लिलावातच विकला गेला आहे, तो स्टेडियममध्ये किंवा घरच्या फिक्स्ड वायरलेससाठी उत्तम, पण हाताच्या तळव्यानेही अडतो. पुलावर उभ्या माणसाची गच्ची, खांब आणि फायबर ही अडचण नव्या आकड्याने सुटत नाही.

आता तुम्ही काय करावं. अँड्रॉइडवर *#*#४६३६#*#* आणि आयफोनवर *३००१#१२३४५#* डायल करून सिग्नलचे आकडे बघा (काही अँड्रॉइडवर हा कोड बंद असतो). पुलावर, फलाटावर आणि घरी, तिन्हीकडे संध्याकाळी. आरएसआरपी चांगला पण एसआयएनआर ५ च्या खाली असेल तर गोंगाट आहे. दहा-पंधरा पावलं सरका, जिन्याच्या भिंतीआड जा. भिंत बाकीचे टॉवर अडवते आणि एकच नीट ऐकू येतो, दांडी एक कमी होते पण काम होतं. दोन्ही आकडे चांगले आणि तरी अडतंय, तर तो भार आहे. तिथे फोन तात्पुरता फक्त ४जीवर टाकून बघा, एनएसए असेल तर कधी कधी फरक पडतो, कधी उलटंही होतं. एअरोप्लेन मोड चालू-बंद केल्याने नवा सेल मिळू शकतो, पण पुलावरचे सगळे एकदम तेच करू लागले तर फाटकावरची गर्दीच वाढते. एकदा करा, पाच वेळा नको.

व्यवहार अडकला तर लगेच पुन्हा पैसे पाठवू नका. बरेचदा तुमची मागणी पोहोचलेली असते आणि अडकतं ते परतीचं उत्तर. आधी व्यवहाराची स्थिती बघा, मग ठरवा. ॲप पुलावर न उघडता रांगेत लागताना उघडून ठेवा.

सिमबद्दल: पुण्यातल्या एखाद्या मित्राला कोणतं सिम चांगलं चालतं, यावरून ठरवू नका. मुंबईच्या परवाना क्षेत्रात नवी मुंबई आणि कल्याण-डोंबिवली येतात, पुणे महाराष्ट्र सर्कलमध्ये येतं, आणि कंपन्यांचा स्पेक्ट्रम सर्कलनुसार वेगळा असतो. कंपनी बदलण्यापेक्षा दुसऱ्या खाचेत वेगळ्या कंपनीचं स्वस्तातलं सिम टाका, महिनाभर दादरला दोन्ही आकडे ताडून बघा आणि डेटा त्या वेळेपुरता तिकडे वळवा. कायमची कंपनी का बदलू नये, तर शेजारच्या गच्चीवरचा टॉवर पुढच्या दिवाळीला तिथे असेलच असं नाही.